ग्लासातलं धरण

आज सकाळी भाकरी थापताना सांडव्याचा आवाज कानावर आला आणि मी गॅस बारीक केला. धरण भरलं. जास्तीचं पाणी आता बांधाच्या डाव्या कुशीतल्या दगडी सांडव्यावरून ओढ्यात पडत राहणार, पार गणपती होऊन जाईपर्यंत. पाहुणे येतात तेव्हा म्हणतात, काय नशीब, झोपताना धबधब्याचा आवाज. मला तो आवाज कुणी दाराला बाहेरून कडी घातल्यासारखा वाटतो. गावातून बाहेर जायचा एकुलता एक रस्ता त्याच ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून जातो. सांडवा जोरात आला की फरशी पाण्याखाली आणि आम्ही आत.

भाकरी तव्यावरून उतरायच्या आत प्राजक्ताचा फोन. प्राजक्ता माझी मुलगी, कामोठ्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली शिकवण्या, समोर रिक्षास्टँड, कोपऱ्यावर दवाखाना. "आई, फरशी उघडी आहे तोवर निघ. यंदा तरी." मी म्हटलं, गणपती झाले की बघू. ती म्हणाली, दरवर्षी तू हेच म्हणतेस. खरं आहे, दरवर्षी मी हेच म्हणते.

मग भाकऱ्या झाकल्या, फडताळातला काचेचा ग्लास काढला, कोरड्या फडक्याने पुसला आणि धरणाच्या पायथ्याशी गेले.

गावाचं नाव सांगत नाही. जाहिरातवाल्यांनी ते आधीच पुरेसं सांगितलंय. पनवेलहून माथेरानच्या रांगेकडे तोंड करून निघालं की इमारती विरळ होतात, मग फार्महाऊसांच्या भिंती लागतात आणि त्या संपायच्या आत आमची फरशी येते. धरण म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर सिमेंटची भिंत आणि लोखंडी दारं उभी राहतात. आमचं धरण म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा लांबलचक ढीग, वर गवत, मागे पाणी. नव्या माणसाला सांगितल्याशिवाय कळतही नाही. त्याला वाटतं, टेकडीच आहे. मी लग्न होऊन पनवेल शहरातून इथे आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. सासूबाईंनी माझा हात धरून पायवाटेने वर नेलं आणि पलीकडचं पाणी दाखवलं. मी मागे वळून पाहिलं, तर आमच्या घराची कौलं पाण्याच्या पातळीच्या खाली दिसली. मी तेव्हा नवी नवरी होते, पदर सावरला आणि त्यांच्या मागोमाग खाली उतरले.

धरण रोजगार हमीच्या कामावर झालेलं. गावातल्या बायकांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या, त्यात सासूबाई होत्या. वरच्या खाणीत पांढरट चिकण माती मिळायची, बायका तिने चुली सारवायच्या. ती माती पाणी धरून ठेवते म्हणून बांधाच्या पोटात तीच भरली, आणि अंगावर तांबडा मुरूम. हेतू साधा होता. भात कापून झालं की आमच्याकडची जमीन पावसाळ्यापर्यंत नुसती पडून असायची. धरणाच्या पाण्यावर वाल व्हावेत, वांगी-मिरची व्हावी, गुरांना चैत्रात पाणी मिळावं. तेवढं झालंही. सासूबाई सांगायच्या, पहिल्या वर्षी वालाच्या शेंगा आल्या तेव्हा पोपटी लावायला शेजारच्या गावची माणसं आली होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर शेंगा रचून ती भाजायची, थंडीत, शेतातच. तो वास मीही घेतलाय. आता त्या शेतांवर रो-हाऊस आहेत आणि रो-हाऊसवाले गॅसवर पोपटी करायचा प्रयत्न करतात.

मी कळंबोलीच्या लोखंडबाजारात वजनकाट्यावर बसते. ट्रक येतो, आधी भरलेला मोजायचा, मग रिकामा. दोहोंतला फरक म्हणजे माल. आयुष्यभर हेच केल्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की मी मनात ती रिकामी करून बघते. धरणाचं तसं करता येत नाही. ते रिकामं करायचं लोखंडी चाक गंजून केव्हाच बसलंय आणि ज्या कालव्यात पाणी सोडायचं तो कालवा लोकांच्या कंपाउंडांखाली गेलाय. म्हणजे भरलेलं वजन तेवढं आपल्या डोक्यावर. त्यात माल किती, कुणाला ठाऊक.

तर पायथ्याची गोष्ट. बांधाच्या तळाशी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पूर्वीपासून एक ओली जागा होती. तिथून बोटभर धार यायची. नितळ, थंड, उन्हाळ्यातही न आटणारी. कुणी तिथे दगड ठेवला, कुणी दगडाला शेंदूर लावला, आणि ती झरीआई झाली. सांडवा वाजला की गावातल्या सवाष्णी तिची ओटी भरतात. मी देवधर्मवाली नाही, पण ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सासूबाई शेजारी उभ्या असल्या की माणूस भरतो.

एकदा पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून धरण बघायला एक मुलगी आली. इंजिनियर. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टोपी, माझ्या प्राजक्तापेक्षा थोडीच मोठी. बांधावर चढली, उतरली, झरीआईपाशी आली आणि नमस्कार केला. मग बूट घालता घालता मला म्हणाली, "काकी, धार नितळ आहे तोवर निवांत झोपा. मातीचं धरण थोडं झिरपतंच. पण कधी गढूळ दिसली तर समजा, बांधाची माती आतून निघून चाललीये. मग बघत बसू नका, पळा." तिने आपल्या बाटलीतलं पाणी ओतून टाकलं, धारेखाली बाटली धरली आणि उन्हात बघून दाखवलं. काचेचा ग्लास चांगला, म्हणाली. आणि म्हणाली, जाळ्या वगैरे काही सांडव्यात घालू देऊ नका, आणि इथे बांधकाम तर अजिबात नको.

दोन्ही झालं. गावच्या कमिटीने झरीआईला संगमरवरी फरश्यांचा कट्टा केला आणि धारेला स्टीलचं गोमुख बसवलं. आणि माझे धाकटे दीर, हरेश भाऊजी, यांनी तलावात मासे सोडायचा ठेका घेतला. मासे सांडव्यावरून ओढ्यात निसटतात आणि वरच्या कातकरी वाडीतले लोक ते खाली पकडतात, म्हणून त्यांनी सांडव्यावर आडवी नायलॉनची जाळी ताणली. वाडीतली चांगुणा माझ्याकडे खेकडे विकायला यायची. जाळी लागली तेव्हा ती दारात टोपली ठेवून म्हणाली, "तुमचे दीर आता मावऱ्याला बी कुंपन घालतात. उद्या ढगाला घालतील." भाऊजींनी ते ओटीवरून ऐकलं आणि हसले. त्यांचा स्वभाव वाईट नाही. आपलं ते आपल्याकडे राहावं, एवढंच त्यांना वाटतं.

जाळी लागली त्या सालचा श्रावण. ऊन-पावसाचा खेळ वगैरे काही नव्हता, नुसता पाऊस. कपडे वाळत नव्हते, मीठ पाझरत होतं, दारं फुगून चौकटीत बसत नव्हती. फरशी पाण्याखाली गेली आणि वर आलीच नाही. माझा नवरा ट्रेलर चालवतो. तो पलीकडे अडकला होता, न्हावा-शेव्याच्या बाजूला. मी काट्यावर फोन करून सांगितलं, येत नाही. दूध नाही, पाव नाही, वीज मधूनच. बायका म्हणायच्या, बरं झालं, थोडी विश्रांती. दुसऱ्यांदा कुणी तसं म्हटलं नाही.

मी बांधावर जाऊन तलाव बघितला. एरवी सांडवा वाहायला लागला की तलावाचं पाणी तिथेच थांबतं, वर चढत नाही. तेच तर सांडव्याचं काम. पण सांडव्यावरून पाणी कमी पडत होतं आणि तलाव चढतच होता. जाळीला पाला, फांद्या, प्लास्टिक, जलपर्णीचे गठ्ठे येऊन बसले होते आणि तिची भिंत झाली होती. बांधाचा माथा पाण्याच्या जेमतेम हातभर वर राहिला होता. मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, पाऊस थांबला की साफ करतो, आत्ता उतरलो तर वाहून जाईन. तेही खरं होतं. घरी येऊन मी इंजिनियर मुलीला फोन लावला. लागला नाही, म्हणून मेसेज टाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका ऐकू आला. आधी वाटलं, कुणी गेलं. पण रडणं नव्हतं, आरती होती. छत्री घेऊन पायथ्याला गेले तर निम्मं गाव झरीआईपुढे. गोमुखातून येणारी धार पांढरी झाली होती. पातळ ताकासारखी.

"आयला दूध आलाय," शेजारची ताराबाई मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुजे सासूनी पयलं बगितला."

सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हातात ओटीचं ताट. बायका बाटल्या, तांबे, कळशा घेऊन रांगेत. बाळंतिणीला पाजायचं म्हणून एकीने आधी जागा मागितली तर तिला सगळ्यांनी वाट दिली. लहान पोरांना कडेवर घेऊन लोक धरणाच्या बरोब्बर पोटाखाली उभे होते. जिथून पळायचं, तिथेच गाव गोळा झालं होतं. आणि अजून येत होतं.

मी ओरडून सांगितलं. इंजिनियर बाई काय म्हणाली होती ते सांगितलं, बांध आतून पोखरतोय असं सांगितलं, वर टेकडीवर चला म्हणून सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. मग मागून एक आवाज आला, "काट्यावरची बाई, आता आयला पन काट्यावर चढवशील काय?" लोक हसले. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते. इतके दिवस कोंडून पडलेल्या माणसांना पहिल्यांदाच काही चांगलं झालं होतं, आणि मी म्हणत होते की ते वाईट आहे.

तेवढ्यात फोन वाजला. इंजिनियर मुलगी. आवाज तुटत होता. ती माणसं आणि जीप घेऊन आली होती, पण फरशीच्या पलीकडे होती. "काकी, सांडवा मोकळा करा, कसाही. पाणी उतरलं पाहिजे. आणि लोकांना वर न्या." मी विचारलं, सांडवा मोकळा केला तर ओढ्याला आणखी पाणी येईल, मग तुम्ही कशा येणार? तिने जीपवाल्याला काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "आम्ही येणार नाही."

म्हणजे दोनच गोष्टी होत्या. मदत यावी म्हणून पाणी अडवून ठेवायचं आणि बांध फुटायची वाट बघायची, नाही तर पाणी सोडायचं आणि स्वतःलाच आत कोंडून घ्यायचं. यात निवड कसली. पण जाळी कापायला भाऊजी हवे होते आणि भाऊजी आरतीत टाळ वाजवत होते.

मी घरी गेले. हाच ग्लास आणला. गोमुखाखाली धरून भरला आणि सासूबाईंच्या समोर, ताटात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. त्यांना वाटलं, मीही आईकडे वळले. खूश होऊन त्यांनी ग्लासाला हळदकुंकू लावलं. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसून राहिले. आरती संपली, दुसरी सुरू झाली. ग्लासातलं पाणी वरून निवळायला लागलं आणि तळाशी पांढरा थर बसायला लागला. दूध असं बसत नाही.

सासूबाईंनी बघितलं. मग पुन्हा बघितलं. पाणी हळूच ओतून दिलं आणि तळातला गाळ बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला. चुलीला पोतेरं देताना बाई माती जशी चोळते, तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोट पदराला पुसलं.

लोकांना खरं सांगून झालं होतं, त्याचं काही झालं नव्हतं. मी उठून कट्ट्यावर चढले आणि म्हणाले, "आईला पान्हा फुटलाय, मी नाही म्हणत नाही. पण तो दाटलाय. वर पाणी तुंबलंय, खाली ही एवढीशी धार. दाटलेली म्हैस काय करते ते मी तुम्हाला सांगायला नको. लाथ मारते. तर आधी तिच्या अंगाखालून उठा, आणि तिला मोकळी करा. जाळी काढा."

कुणी हललं नाही. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. झरीआईचं जे काही व्हायचं ते त्यांच्या तोंडून व्हायचं, अशी रीत पडली होती.

सासूबाई म्हणाल्या, "सून खरा बोलते. उठा."

भाऊजी म्हणाले, "आये, जाली कापली तर माजा सगला मावरा जाईल ना."

"मावरा ऱ्हईल, नाय तर पोरा ऱ्हतील," सासूबाई म्हणाल्या. "जा, काप."

भाऊजी गेले. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक चौघांनी धरलं, आणि कोयता घेऊन ते सांडव्यावर उतरले. मला वाटतं, त्या दिवशी गावात सर्वांत धाडसाचं काम त्यांनी केलं. त्यांचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. जाळी सुटली तेव्हा पाल्याचा तो सगळा थर एकदम उठून पालथा झाला आणि सांडवा असा काही वाजला की कडेवरची पोरं रडायला लागली. फरशी तर सोडाच, फरशीजवळचा विजेचा खांबही वाकला. आम्ही आत बंद झालो. लोक मुकाट्याने टेकडी चढायला लागले. सासूबाई शेवटी उठल्या. झरीआईचा दगड त्यांनी उचलून पदरात घेतला.

टेकडीवर वाडी आहे. तिथे शाळेची एक खोली आणि पंधरा-वीस झोपड्या. आम्ही गाववाले वर्षानुवर्षं तिथून मजूर बोलावत आलो, स्वतः वर चढायची वेळ कधी आली नव्हती. चांगुणा शाळेच्या दारात उभी होती. तिने मला बघितलं, माझ्या मागची भिजलेली रांग बघितली आणि म्हणाली, "या. जागा कमी हाय, पन कोरडी हाय." मग शाळेतली बाकं बाहेर काढली आणि पोरांना आधी आत घेतलं.

त्या व्हरांड्यातून मी पहिल्यांदा धरण वरून पाहिलं. केवढंसं दिसत होतं. आणि त्याच्या पायथ्याला आमची घरं, गोठे, रंगीत पत्रे, नुकते आखलेले प्लॉट, एका बिल्डरचा फलक. चांगुणा शेजारी येऊन उभी राहिली. तलावाच्या मधल्या भागाकडे हनुवटीने दाखवत म्हणाली, "तिथं माज्या सासऱ्याचा दळीच्या शेताचा तुकडा व्हता. नाचनी व्हायची. आमचं व्हतं तिथं पानी आलं, तुमचं व्हतं तिथं आता बंगलं येतात. मंग ह्ये धरन कोनासाठी हाय?"

धरण झालं तेव्हा वाडीला त्याच्या पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. पाणी काही चढणीवर चढत नाही. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही.

दुपारी वाडीतले बाप्ये ओढ्याकडून आले ते टोपल्या भरून मासे घेऊन. सांडव्यावरून तुंबलेलं पाणी उतरत होतं आणि भाऊजींचे कटले-रोहू खाली शेतात उड्या मारत होते. शाळेच्या मागे तीन दगडांवर मोठं भगुणं चढलं. जेवताना चांगुणाने भाऊजींच्या ताटात डोक्याकडचा तुकडा वाढला. "खा दादा, लाजू नको. तुजाच हाय." भाऊजी खाली मान घालून जेवले. दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला, तेव्हा सगळे हसले, तेही हसले.

बांध राहिला. पाणी उतरलं तशी धार बारीक होत गेली, मग पुन्हा नितळ झाली. रोज कुणाला तरी खाली जाऊन ग्लास भरून आणावा लागे. मीच जात होते. फरशी उघडल्यावर इंजिनियर मुलगी आली, संगमरवर फोडून काढला, ओल्या जागेवर वाळू, खडी आणि वर दगड रचले. पाणी येऊ दे, माती येऊ नये, अशी ती रचना. कट्टा फोडताना गावाने कुरकुर केली. सासूबाई म्हणाल्या, आईला मोकळं बसायला आवडतं. कुरकुर थांबली.

आम्ही दोघी त्या ग्लासाबद्दल कधी बोललो नाही. शेवटच्या वर्षी त्या अंथरुणावर होत्या. मी पायथ्याहून आले की विचारायच्या, "कसा हाय?" मी म्हणायची, नितळ. मग त्या चहा घ्यायच्या.

मला पश्चात्ताप वगैरे नाही. तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा तसंच बोलेन. पण त्याची बेडी माझ्या पायात आहे. गावाने ठरवून टाकलं की आईचं मन या बाईला कळतं. मी, जिला नैवेद्यात किती पदार्थ लागतात तेही धड आठवत नाही. हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं म्हणून प्रयत्न केले. ताराबाईला शिकवलं. ती ग्लास उजेडाकडे धरायची आणि कुठे पांढरं दिसतंय का, हे आशेने बघायची. जावेला दिला, तिचंही तेच. त्यांना दूध यायला हवं आहे. अशा माणसांच्या हातात मी ग्लास कसा देऊ? म्हणून पावसाळाभर मी इथे. प्राजक्ताचं बाळंतपण आषाढात आलं तेव्हा मी सकाळी ग्लास बघून कामोठ्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. नातीला धड मांडीवर घेतलं नाही. प्राजक्ताने उंबऱ्यात माझी चप्पल सरळ करून ठेवली होती, जायला सोपं जावं म्हणून.

कचेरीचं म्हणणं असं की धरणाचा हेतू सिंचन, आणि आता सिंचन होत नाही, तेव्हा दुरुस्तीला पैसे कशाच्या नावाखाली मागायचे. ठीक, मग रीतसर फोडा. तर फोडायलाही सगळ्यांची संमती लागते. गावाच्या विहिरींना त्याचं पाणी. रो-हाऊसवाल्यांनी तर तळं दिसतं म्हणूनच घरं घेतली. वाडीला आता कुठे नळ आलाय, तोही तलावातल्या विहिरीवरून. इंजिनियर मुलगी बदलून गेली. तिच्या जागी जो येतो तो बांधावर फोटो काढतो. म्हणजे ते नीट ठेवताही येत नाही आणि काढताही येत नाही. आपण त्याच्याखाली राहायचं. कुणी म्हणेल, घर विकून जा. घर घ्यायला माणसं येतात, भाव चांगला देतात. पण त्यांना काय सांगून विकू? आणि त्यांच्यातलं कोण रोज सकाळी ग्लास बघणार आहे?

आज पायथ्याशी पोचले तेव्हा दगडांच्या फटीतून धार मोठी झाली होती, पण नितळ. ग्लास भरला, आभाळाकडे धरला, थोडा वेळ तसाच ठेवून तळ बघितला. काही नाही. एवढ्यात रो-हाऊसमधली एक तरुण बाई आली, पिवळा रेनकोट, हातात बाटली. नवीनच राहायला आलीये. धारेला नमस्कार केला आणि मला विचारलं, "काकी, आईला पुन्हा दूध कधी येतं? माझ्या सासूबाई नाशिकला असतात. त्यांना तेव्हा बोलवायचंय."

का कोण जाणे, तिला खरं सांगावंसं वाटलं. ती गावची नव्हती, कुणाची सून म्हणून माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "ते दूध नव्हतं. या बांधाच्या पोटातली माती होती. ती पुन्हा येऊ नये म्हणून मी रोज बघते. आली तर हे सगळं तुमच्या घरावर येईल."

तिने पटकन दोन्ही गालांना हात लावले. मग समजूत घालावी तसं हसून म्हणाली, "असं बोलू नये हो काकी. तुम्हीच तर तेव्हा सगळ्यांना सांगितलंत ना, पान्हा फुटलाय म्हणून. प्लॉट दाखवताना हरेशदादांनी सगळी गोष्ट सांगितली आम्हाला. त्या गोष्टीवर तर आम्ही घर घेतलं."

मी तिच्या हातातली भरलेली बाटली घेतली, आभाळाकडे धरली, बघितली आणि परत दिली. ती थँक्यू म्हणाली. तिला वाटलं, मी आशीर्वाद दिला.

घरी येईपर्यंत प्राजक्ताचा पुन्हा फोन. फरशीवर पाणी आल्याचा व्हिडिओ तिला कुणीतरी पाठवला होता. "आता नको निघूस," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं, आणि ग्लास धुऊन फडताळात उपडा ठेवला.